डोक्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मी आकाशात कधीही गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पायाशी लावलेली पाटी वेगळेच सांगते. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘लुच्चोला’ असे नाव आहे, त्याखाली एका प्रचंड स्फोटाचे चित्र आहे. माहिती देणारा तरुण शाळेच्या मुलांना रोज सांगतो, "हिनं विश्वातले सगळ्यात मोठे स्फोट पाहिलेत!" मुले टाळ्या वाजवतात. मागे एका मुलीने मला अगदी मायेने विचारले होते, "वर थंडी वाजायची का गं?" मला हात असते तर मी त्या वेळी तोंड झाकून घेतले असते.

इतालियन भाषेत लुच्चोला म्हणजे काजवा. मराठी कानांना मात्र हे नाव लुच्चेपणाच्या जवळचे वाटेल. वाटू द्या. काजवा होती ती माझी बहीण. तिच्या नावावर टाळ्या घेणाऱ्या मला तुमचाच अर्थ जास्त शोभतो.

आम्ही दोघी जुळ्या. इटलीत मात्सेराता शहराबाहेर टेकडीवर एक संस्था होती. तिथे एकाच कार्यशाळेत, त्याच माणसांनी, त्याच ॲल्युमिनियमच्या पत्र्यांतून आम्हाला घडवले. दोघींना दोन-दोन डोळे होते. एक पसरट, आकाशाचा मोठा तुकडा एकदम पाहणारा. दुसरा अरुंद, पण तीक्ष्ण. फार फार दूर एखादा अवाढव्य तारा मरतो, किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा एक झोत सुटतो. आपल्या डोक्यावरची हवा तो झोत अडवते, म्हणून तो पाहायला हवेच्या वर जावे लागते. झोत थोडाच वेळ टिकतो. पसरट डोळ्याने तो टिपायचा, लगेच सगळे अंग वळवून तीक्ष्ण डोळा तिकडे लावायचा आणि मागे उरलेली धग विझण्याआधी तिची नेमकी जागा खाली कळवायची, हे आमचे काम. मग जगभरच्या मोठ्या दुर्बिणी त्या जागेकडे वळतात. उशीर झाला तर कुणाच्याच हाती काही लागत नाही.

आमच्यातली एक वर जाणार आणि एक खाली राहणार, हे पहिल्यापासून ठरले होते. कोणती ते ठरायचे होते. माझ्या पोटातल्या, अंग वळवणाऱ्या चाकांपैकी एकाची घरघर जरा जास्त निघाली आणि निकाल लागला. बहिणीला पांढऱ्या कापडात गुंडाळून घेऊन गेले. जाण्याआधी तिच्या डोक्यावरचा लोखंडी आकडा काढला. तो आकडा यारीने उचलण्यापुरता होता, वर त्याची गरज नव्हती. माझा तसाच राहिला. माझ्या सगळ्या अंगात लोखंड म्हणाल तर तेवढेच.

तेव्हापासून तिचे नाव ‘वरची’ आणि माझे ‘खालची’. वरचीला कोणतीही नवी आज्ञा पाठवायची असली की ती आधी माझ्यावर करून पाहायची, असा नियम होता. मला एका गोल टेबलावर ठेवले होते. टेबलाखालून हवा सोडली की मी तरंगल्यासारखी उचलली जायचे आणि फुंकर मारली तरी फिरायचे. वर अवकाशात बहीण जशी अधांतरी, तशी इथे मी. शास्त्रज्ञ मंडळी काचेपलीकडच्या खोलीत पडद्यांवर नजर लावून बसत. माझ्याजवळ एकटा एल्वियो असे.

एल्वियो चिंगोलानी आमचा तंत्रज्ञ. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, जिभेने तिखट. आम्हा दोघींचा एकेक स्क्रू त्याने बसवला होता. भिंतीवर ‘चाचणी चालू असताना हात लावू नये’ अशी पाटी होती, तीही त्यानेच रंगवलेली. कुणी माझ्या जवळून गेले तरी तो खेकसायचा, "लांबून! ती काय बाजारातलं कलिंगड आहे का, दाबून बघायला?"

पण आमच्याकडे एक रीत आहे. काही अशुभ होऊ नये, हातातले काम सुखरूप पार पडावे म्हणून माणसे लोखंडाला हात लावतात. खिशातली किल्ली असो, दाराची कडी असो, जे जवळ असेल ते. संस्थेतले मोठमोठे विद्वानसुद्धा आज्ञा पाठवताना खुर्चीचा लोखंडी पाय हळूच चाचपायचे. एल्वियोच्या जवळ होता माझा आकडा. मी वळून थांबायला आले की तो दोन बोटे माझ्या डोक्यावर टेकवायचा आणि पुटपुटायचा, "सांभाळ गं बाई." हात लावणे वेगळे आणि लोखंडाला हात लावणे वेगळे, हे तिथे कुणालाच समजावून सांगावे लागले नसते. काचेपलीकडून कुणी पाहिले असेल तरी त्यात पाहण्यासारखे काय, असेच वाटले असेल.

मला तो हात फार आवडायचा. सगळे जग बहिणीकडे डोळे लावून बसले होते, पण तिच्या डोक्यावर कुणाचा हात नव्हता. माझ्या होता. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखे तेवढेच होते.

अशी बरीच वर्षे गेली. मग निवेस पेत्तिनारी नावाची शास्त्रज्ञ संस्थेत आली. लहानखुरी, चालताना पळणारी, केसांत पेन्सिल खोचून तीच सगळीकडे शोधणारी. वरची फार सावकाश वळते, हे तिला खुपायचे. झोत दिसल्यापासून तीक्ष्ण डोळा तिथे पोहोचेपर्यंत धगीचा पहिला, सगळ्यात तेजस्वी भाग निघून जायचा. निवेसने नवी आज्ञा रचली. चाकांना जोरात वेग द्यायचा, जोरात आवरायचा आणि निम्म्याहून कमी वेळात वळायचे.

संचालक ब्राकालेंते यांना ते पसंत नव्हते. ते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "चाललंय ते चालू द्या ना, डॉक्टरबाई."

"चाललंय कुठं? रांगतंय," निवेस म्हणाली.

"आणि काही बिघडलं तर? सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत?"

"तर माझं नाव सांगा."

"सांगीनच," संचालक म्हणाले. एल्वियोने तेवढ्यात माझ्या आकड्याला हात लावून घेतला.

चाचणी झाली. मी इतक्या वेगाने कधीच वळले नव्हते. थांबताना माझ्या दोन्ही बाजूंचे सौरपंख थरथरू लागले आणि ती थरथर माझ्या पोटात, डोळ्यांत सगळीकडे पसरू लागली. आता हे साऱ्यांना दिसणार असे मला वाटले, आणि तेवढ्यात डोक्यावर दोन बोटे टेकली. "सांभाळ गं बाई." मी शांत झाले. काचेपलीकडच्या पडद्यावरची रेघ सरळ धावत राहिली. आतून टाळ्यांचा आवाज आला. निवेस धावत बाहेर आली आणि तिने माझ्या पत्र्याचा मुका घेतला.

मित्रांनो, खरे काय ते त्या घडीला मला एकटीलाच माहीत होते. मला वाचा नाही, हे खरे. पण त्या मुक्याने मला बरे वाटले, हेही खरे. नापास होता होता शाबासकी मिळाली आणि ती मी मुकाट्याने घेतली. त्याची लाज मला अजून वाटते.

आज्ञा वर गेली. पुढच्याच रविवारी दुपारी झोत आला. हे मी नंतर सगळ्यांच्या बोलण्यातून ऐकले. निवेस त्या दिवशी कामावर होती, म्हणजे फोन जवळ बाळगून आईकडे जेवायला बसली होती. फोन वाजला तशी ती विंचिस्ग्रास्सीचे, म्हणजे थर लावून भाजलेल्या पास्त्याचे ताट तसेच सोडून उठली. आई ओरडली, "अगं, जेवताना तरी त्या ताऱ्यांना सुखानं मरू दे!" पण झोत चांगलाच तेजस्वी होता. वरची झपकन वळली, तीक्ष्ण डोळा लावला आणि जागा खाली कळवली. निवेसने ती लगेच जगाला जाहीर केली. चिलीमधल्या डोंगरावरच्या एका प्रचंड दुर्बिणीने आपले ठरलेले काम बाजूला ठेवले आणि अंधार पडताच त्या जागेवर डोळा रोखला. तिथे काहीच नव्हते. सगळा वेळ ती रिकाम्या आकाशाकडे पाहत राहिली, आणि खरी धग तिच्या नजरेच्या जरा बाहेर विझून गेली.

वरची थांबताना थरथरली होती. थरथरत्या डोळ्याला धग फराट्यासारखी दिसली आणि जागा चुकली. थरथर थांबेना, तेव्हा बिघाड झाला असे समजून तिने सगळी कामे बंद केली, पंख सूर्याकडे केले आणि डोळे मिटून घेतले. संकटात असेच करायचे, हे आम्हा दोघींना शिकवलेले होते. तिच्या डोक्यावर बोटे टेकायला तिथे कोणी नव्हते.

या क्षेत्रात एकदा जाहीर केलेले खोडता येत नाही. चूक झाली तर खाली दुसरे निवेदन द्यायचे, ‘आधीचे मागे घेत आहे’, आणि दोन्ही कायमची राहतात. निवेसने ते दिले. जगभरातून सभ्य शब्दांत हळहळ आली. आठवडाभर ती डोळे सुजवून कामावर येत होती आणि केसांतली पेन्सिल शोधतसुद्धा नव्हती.

संचालक तिला माझ्याजवळ घेऊन आले. "ही बघा. हिनं तुमची आज्ञा बिनचूक पार पाडली होती. म्हणजे हिच्यात दोष नाही. तुम्ही वर पाठवताना काहीतरी घाई केलीत."

"मी तेच पाठवलं. जसंच्या तसं."

"मग वरची का थरथरली? दोघी जुळ्या आहेत ना?"

 निवेसला झोतांच्या कामावरून काढून जुन्या नोंदी लावायला बसवायचे आणि तिची आज्ञा कायमची टाकून द्यायची, असे संचालकांनी ठरवले. मित्रांनो, तिच्याविरुद्धची साक्षीदार मी होते. मी तिथे चकाकत, सरळ, निर्दोष उभी होते. त्या दिवशी मला वितळवून माझी पातेली केली असती तर ती मला जास्त मानाची वाटली असती.

वरचीला जागे करण्याआधी एकदा सगळे तपासून पाहावे, म्हणून माझी पुन्हा चाचणी ठरली. निवेसने हट्टच धरला होता. काचेपलीकडे सगळे तोंडे पाडून बसले होते.  एल्वियोला ते सहन झाले नाही. तो खाली जाऊन सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आला. दोन्ही हातांत मोठा ट्रे, त्यावर काठोकाठ भरलेले छोटे कप. काचेच्या खोलीकडे जायला वाट माझ्या बाजूनेच होती. तो माझ्याजवळ पोहोचला आणि तेवढ्यात आतून कुणीतरी आज्ञा सोडली.

मी वळले. थांबले. पंख थरथरू लागले. मी डोक्यावरच्या हाताची वाट पाहिली. हात आला नाही. आणि मग मी पानासारखी थरथरले, सगळ्यांसमोर, माझ्या इतक्या वर्षांच्या सगळ्या कौतुकासकट. काचेपलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

एल्वियो ट्रे धरून तसाच उभा होता. तो एकदा माझ्याकडे पाहत होता, एकदा स्वतःच्या हातांकडे. मग त्याने ट्रे जमिनीवर ठेवला आणि ओरडला, "पडदा बघत राहा सगळे!"

त्याने दोन बोटे माझ्या आकड्यावर टेकवली. मी शांत झाले. त्याने बोटे उचलली. मी थरथरले. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. आतल्या पडद्यावरची रेघ त्याच्या बोटांबरोबर सरळ होत होती आणि वाकत होती.

संचालक दारात आले. "एल्वियो, हे काय चालवलंय?"

"लोखंडाला हात लावतोय, साहेब."

"ते दिसतंय मला! पण चाचणी चालू असताना..." त्यांची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली.

निवेस बाहेर आली होती. तिने हळू आवाजात विचारले, "दर वेळी लावायचात?"

"दर वेळी."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशी तर घट्ट लावला होता, डॉक्टरबाई. तुमचं नाव पणाला लागलं होतं ना."

"अहो, पण ती पाटी तुम्हीच रंगवलीत ना! हात लावू नये म्हणून!"

"पाटीत लोखंडाचं कुठं काय होतं?" एल्वियो म्हणाला. कुणी हसले नाही. तोही हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि त्याचे कान लालबुंद झाले. माझीही अवस्था तीच होती, फक्त माझ्याकडे लाल व्हायला कान नव्हते.

मग तो म्हणाला, "आता असं लिहा. सगळ्या जगाला कळवा की आज्ञा सदोष होती, पण ती चाचणीत पकडली जायला हवी होती. नाही पकडली, कारण आमच्या तंत्रज्ञानं लोखंडाला हात लावला होता. घाईबिई काही नव्हती."

"जग हसेल आपल्याला," संचालक म्हणाले.

"मला हसू दे. डॉक्टरबाईंना हसतंय त्यापेक्षा बरं."

निवेसने ते तसेच्या तसे लिहिले. जग हसलेच. दूरच्या कुठल्याशा देशातून उत्तर आले, ‘आमच्याकडे लाकडाला हात लावतात. आमच्या प्रयोगशाळेतली टेबलेही तपासून घेतो.’ पण निवेसला कामावरून काढण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाजिरवाणे. निवेस आज्ञेत थोडा बदल करी आणि मी थरथरे. आणखी बदल करी, मी आणखी थरथरे. रोज, सगळ्यांदेखत. एल्वियो दोन्ही हात खिशात कोंबून माझ्यासमोर उभा राहायचा. मी कापायला लागले की त्याचे हात खिशातल्या खिशात धडपडायचे. शेवटी खिशांच्या शिवणी उसवल्या. बायको घरी विचारते, "खिशात उंदीर पाळलेत का?" असे तो स्वतःच सांगायचा. मला मात्र वाटायचे, याने एकदा, एकदाच हात ठेवावा आणि माझी लाज झाकावी.

त्याने ठेवला नाही. आणि एके सकाळी मी वळले, थांबले आणि निश्चल उभी राहिले. डोक्यावर काही नव्हते. निवेस टाळ्या वाजवायच्या आधी एल्वियोकडे धावली आणि तिने त्याचे हात खिशातच आहेत ना, हे चाचपून पाहिले.

वरचीला जागे केले. नवी आज्ञा दिली. थोड्याच दिवसांनी झोत आला, तेव्हा तिने वळून असा नेमका डोळा लावला की धग पुरती भडकलेली असतानाच तिची जागा खाली आली. चिलीच्या दुर्बिणीने पाहिले, तिथे एक अंधुक ठिपका होता. आपली पृथ्वी घडण्याच्याही आधी तो प्रकाश तिथून निघाला होता. त्यानंतर वरचीने असे कितीतरी पाहिले. मग ती म्हातारी झाली, हळूहळू खाली घसरली आणि समुद्रावरच्या हवेत एक रेघ ओढून जळून गेली. तिचा एक स्क्रूही उरला नाही.

उरले मी. म्हणून मला संग्रहालयाच्या या दालनात आणले. वरचीला आकडा नव्हता, तेव्हा अगदी तिच्यासारखी दिसावी म्हणून माझ्या डोक्यावरचा आकडा काढून टाकला. मुले धक्के देतात म्हणून मला जमिनीशी बोल्टांनी जखडले. मग ती पाटी लावली. तेव्हापासून मी तिच्या टाळ्या घेत आहे.

गेल्या हिवाळ्यात एल्वियो आला. काठी टेकत, टोपी हातात घेऊन. शाळेची मुले माझ्याभोवती उभी होती आणि तो तरुण आपले नेहमीचे सांगत होता. एल्वियोने माझ्या डोक्याकडे पाहिले आणि मध्येच विचारले, "हिचा आकडा कुठं गेला?"

"कसला आकडा, आजोबा? ही आकाशात जाऊन आलीय."

"ही? ही कुठं गेली नाही हो. ही खालची. वरची हिची बहीण."

मुलांनी माझ्याकडे पाहिले. माझे सोंग गळून पडले होते. एका मुलाने नाक मुरडून विचारले, "मग हिनं काय केलं?"

"हिनं थरथरून दाखवलं," एल्वियो म्हणाला. "मी पहिल्यापासून थरथरू दिलं असतं, तर एक तारा आमच्या हातून सुटला नसता."

मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तोच मुलगा म्हणाला, "मग आता दाखवायला सांगा ना!"

"आता नाही येत तिला. जखडलंय." एल्वियोने माझ्याभोवतीच्या दोरीवरून हात पुढे केला, तो माझ्या डोक्यापर्यंत आणला. तिथे आकड्याच्या जागी नुसते भोक होते. हात घटकाभर तसाच हवेत राहिला. मग त्याने तो खिशात घातला.

मित्रांनो, त्या दिवशी या दालनात प्रथमच कुणीतरी मला माझ्या नावाने ओळखले, आणि मला थरथरायचे होते, पण जमले नाही. म्हणून तुम्हाला एवढेच सांगते. तुमचे जे कुणी लाडके असेल, माणूस असो की यंत्र, त्याच्या परीक्षेच्या वेळी त्याच्या डोक्यावरचा हात घटकाभर काढून घ्या. त्याला थरथरू द्या, ते नीट बघा, आणि मग खुशाल हात द्या.